पहाडीवरची बॅटरी गाडी

५ जानेवारी २०२५, रविवार

आज पुन्हा गाडी अर्ध्या चढावर बसली. म्हातारी माणसं उतरली, काठ्या टेकत पायी निघाली आणि रिकामी झाल्यावर गाडी कण्हत त्यांच्या मागून वर आली. लाखनीहून आलेला एक पोरगा मोबाईलवर शूटिंग घेत होता. "सवारी पुढे अन् गाडी मागे," म्हणत होता. लोक हसले. माझा नवरा स्टिअरिंग धरून समोर बघत बसला. 

नागपूरकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा मंदिर कमिटीने ही गाडी उचलून आणली. गोल्फ खेळणाऱ्यांना हिरवळीवर फिरवायची गाडी. तिला आमच्या खैरटोल्याच्या पहाडीवर महादेवापर्यंत चढवायचं आणि चढली नाही की बोल आम्हाला लावायचा. चालवतो इश्वर, दुरुस्ती बघते मी. संध्याकाळी कमिटीचे अध्यक्ष भय्याजी येऊन ओट्यावर बसले. म्हणाले, "शिवरात्रीच्या यात्रेले गाडी भरल्या सवारीनिशी चढली पायजे. नाहीतर पवनीचा एक जण जीप घेऊन तयारच हाये."

मी म्हटलं, "चढवते. सामान कमिटीने द्यावं, काम मी करते."

त्यांनी माझ्याकडे न बघता इश्वरला विचारलं, "का रे, होते का?"

आणि इश्वर काय म्हणाला? "चढते ना भय्याजी हळूहळू. हळू चढली तर का बिघडते?"

तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथे इश्वर लिहिते. इथे मला कोणाचा मान राखायचा नाही. धडधाकट माणूस, रायपूर लाइनीवर ट्रक चालवायचा, एक दिवस ट्रक सोडून घरी येऊन बसला. कारण विचारलं तर म्हणे, मन लागत नाही. मन. माझं कुठे लागतं शेतपंपाच्या जळक्या मोटरींत नवी तार भरताना? पण भरते. आयटीआय करून शिकले ते त्याचसाठी.

९ जानेवारी

सीट उचलून बॅटऱ्या तपासल्या. उभ्या गाडीत भरलेल्या दिसतात, चढाला लागल्या की व्होल्टेज धपकन खाली. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या, दोन-तीन माणसांचं वजन त्यांचंच. म्हणजे गाडी आधी बॅटऱ्या वाहते, मग माणसं. कंट्रोलरही कमी ताकदीचा. चढावर मोटर करंट मागते आणि तो हात आखडता घेतो. तारा बारीक. हात लावला तर चटका बसला.

बॅटरीत टाकायला पाण्याचा डबा आणून ठेवला होता. इश्वर आला आणि सरळ त्याच्यावर पाय देऊन गेला. सगळं पाणी अंगणात.

"दिसत नाही का?" मी ओरडले.

"ध्यान नव्हतं."

ध्यान नव्हतं. मोबाईलवरचं बारीक अक्षर वाचायला ध्यान असतं. पायाजवळचा डबा दिसायला नसतं. माझं काम बिघडवण्यात त्याला काय सुख मिळतं, देव जाणे.

१३ जानेवारी

भंडाऱ्याला राजकुमारकडे गेले. तो ई-रिक्षा दुरुस्त करतो, माझ्यासोबत आयटीआयला होता. मी काय काय पाहिजे ते सांगितलं. तो म्हणाला, "रीना, एक ठरव. वेग पायजे का चढाची ताकद? एकच मोटर दोन्ही देत नाही."

"दोन्ही पायजे."

"मग लिथियम बॅटरी टाक. हलकी हाये, चढावर दमत नाही. कंट्रोलर मोठा, मोटर मोठी, तारा जाड्या. अन् ब्रेक नवे टाकल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नको. चढवणं सोपं असते, उतरवणं नाही."

ब्रेकचं मलाही माहीत होतं, पण तो बरोबरीने बोलला हे बरं वाटलं. गावात तसं कोणी बोलत नाही.

परतीच्या बसने फाट्यावर उतरले तेव्हा दिवस मावळत होता. इश्वर मोटरसायकल घेऊन येणार होता. आला नाही. फोन केला तर म्हणे, हेडलाइट गेला आहे. हातात पिशव्या घेऊन शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने पायी आले. घरी पोचताच मोटरसायकलला चावी लावली. हेडलाइट लख्ख पेटला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

खोटं बोलायचं तर निदान चांगलं बोलावं. आज जेवायला वाढलं नाही. सासूने वाढलं.

२३ जानेवारी

सामान आलं. जुनी मोटर उतरवली, पाठीचा कणा मोडायची वेळ आली. इश्वरने धरायला मदत केली, ते नाकारत नाही. हाताने तो सगळं करतो. नट न बघता नुसता चाचपून लावतो.

सासू, पार्वताबाई, सुपात लाखोरीची डाळ पाखडत बाजूला बसली होती. म्हणाली, "कायले त्या गाडीचा जोर वाढवून राहिली वो बाई?"

"लोक हसतात म्हणून."

"हसू दे ना. तुया सासऱ्याले शेवटी शेवटी दिसत नव्हतं, तरी बैलबंडी हाकलत जाये. बैलाले रस्ता मालूम होता. हळू जात. काहीच झालं नाही कधी."

मी म्हटलं, या गाडीला बैल नाहीत, आई. मोटर आहे. तिला आता कधीचं कोणाचं काही आठवतं. ऐकत बसले असते तर सगळा दिवस गेला असता.

२ फेब्रुवारी, रविवार

चढली.

चार-पाच जण बसवून मी स्वतः चालवली. खालच्या वडापासून निघाले ते वर नंदीपाशीच थांबले. मधल्या वळणावर, जिथे ती रोज मरायची, तिथे मी मुद्दाम थांबवली आणि पुन्हा उचलली. एक झटका नाही. उतरताना नव्या ब्रेकवर बोट ठेवाल तिथे उभी राहते. तारांना हात लावून बघितला, गार. सपाट रस्त्यावर तर मागे बसलेल्या बायांचे पदर उडत होते. किती दिवसांनी मी मोठ्याने हसले.

मग इश्वर बसला स्टिअरिंगवर. आणि गाडी पुन्हा जुनी झाली. गोगलगाय. समोर रस्ता मोकळा आणि हा मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत बसतो, भिंतीवरच्या पालीसारखा. मी मागून म्हटलं, "दाबा ना." नाही दाबलं. भय्याजी खाली उभे होते. मला ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीत काही फरक नाही दिसून राहिला."

इतक्या दिवसांची माझी मेहनत, आणि या माणसाने एका फेरीत मातीत घातली.

१० फेब्रुवारी

नवीन तमाशा. सासू रोज गाडीत बसते. प्रत्येक फेरीला, समोर, इश्वरच्या बाजूला. इतकी वर्षं महादेवाला सोमवारी सुद्धा जात नव्हती. सवारीची एक जागा गेली, ते सोडा. बसल्या बसल्या तोंड बंद नाही. रस्त्यात दिसेल त्याची बातमी सांगते. "डोमाची बकरी हाये इकडे. सीताबाई चालून राहिली, अंगावर येईन. तिकडे सायकल हाये." गावात कोण कुठे चाललंय हे ड्रायव्हरला ऐकवायची काय गरज? आणि तो तिला गप्प कर म्हणत नाही. उलट मान डोलावतो.

मी म्हटलं, "आई, तुम्ही घरी बसा. लोकांना त्रास होतो."

ती म्हणाली, "लोकायले नाही होत. तुले होते."

दोघं मायलेक एक झाले आहेत. मी बाहेरची.

१८ फेब्रुवारी

आज भांडण झालं. लिहू नये असं बोलले, पण लिहिते. भय्याजींचा निरोप आला होता, यात्रेच्या दिवशी भंडाऱ्याचे पाहुणे येणार, गाडी धावताना दिसली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी जीप. मी इश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "तू चालव ना त्या दिवशी."

मला वाटलं टोमणा मारतो आहे. भय्याजी मला स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत हे त्याला माहीत आहे. बाई गाडी बनवू शकते, तेही लपून. चालवताना दिसली की यांच्या यात्रेची शोभा जाते.

मी म्हटलं, "ट्रक सोडला, आता हेही सोडा. घरी बसा, मी मोटरी भरते, तुम्ही भाकरी खा. भ्यालेला माणूस आहात तुम्ही."

तो ओट्याच्या कडेला हात फिरवत बसला. मग म्हणाला, "चालवतो जोरात. तुले पायजे तशी."

सासू आत गेली. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आमची पोरगी तृप्ती बारावीचा अभ्यास सोडून दारात उभी होती. मला तिची लाज वाटली, पण राग जास्त होता.

२७ फेब्रुवारी, भंडारा

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. हाताला काहीतरी काम हवं.

काल यात्रा होती. सकाळच्या फेऱ्या नीट झाल्या. सासू समोर बसलेली, तिची बडबड चालू. दुपारी पाहुणे आले. भय्याजींना स्वतः समोर बसायचं होतं. सासूला म्हणाले, "बुढे, आता उतर. आमच्या लोकायले बसू दे."

ती हलेना. दांडा धरून बसली. "मी नाही उतरत. मी याच्या बाजूले पायजे."

सगळे बघत होते. पाहुणे हसत होते. मी पुढे गेले, तिचा हात दांड्यावरून सोडवला आणि तिला खाली उतरवलं. हे मी केलं. भय्याजींनी सांगितलं, पण हात माझे होते. ती इतकंच म्हणाली, "रीना, मले बसू दे वो." असं ती कधी मागत नाही. मी ऐकलं नाही.

पाहुण्यांचा चहा, फोटो यात वेळ गेला. तेवढ्यात ती पाऊलवाटेने वर निघाली. पाऊलवाट सरळ आहे, वळणापाशी रस्त्याला मिळते. मला वाटलं, रुसून देवाला चालली.

गाडी निघाली. मी मागच्या, उलट्या तोंडाच्या सीटवर होते. इश्वरने दाबली. खरंच दाबली. चढावर गाडी अशी उठली की पाहुणे वा वा करायला लागले. मी मनात म्हटलं, बघा आता. मला अभिमान वाटत होता, त्याच क्षणी वाटत होता.

वळणावर वरून पोरं पळत येत होती. ती पोरं सासूला दिसली. तिने ओळखलं असणार की बाजूने आलेली पोरं याला दिसणार नाहीत. ती डावीकडून रस्त्यावर आली, दोन्ही हात वर करून, "थांब, थांब" म्हणत. भय्याजी ओरडले. ब्रेक लागला, जागच्या जागी लागला, पण ते ओरडल्यावर लागला. मला फक्त आवाज ऐकू आला. मागे तोंड करून बसले होते. मला काहीच दिसलं नाही.

पोरं वाचली. सासूच्या खुब्याचं हाड मोडलं आहे. ऑपरेशन परवा.

इश्वर तिला उचलून घेताना विचारत होता, "मा, तू कोठून आली? मले दिसली नाहीस. कोठून आली?"

आज सकाळी तिला शुद्ध नीट आली. मी पाणी पाजत होते. म्हणाली, "त्याले वरडू नको. त्याले समोरचं दिसते, बाजूचं दिसत नाही. बापाले असंच झालं होतं. आधी बाजूचं गेलं, मग समोरचं."

मी व्हरांड्यात आले. इश्वर भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्याला कळलं नाही. मी तिथेच उभी, हातभर अंतरावर, आणि तो सरळ समोर दाराकडे बघत होता. मग मी त्याच्या समोर आले.

"कधीपासून?"

"ट्रकवर होतो तेव्हा एकदा कट लागला मोटरसायकलवाल्याले. वाचला तो. मले दिसलाच नव्हता. त्या दिवशी सोडला ट्रक. पवनीले डोळ्याचं शिबिर होतं, तिथे दाखवलं. नागपूरले जा म्हणाले."

"मग का नाही गेलात? मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणाली असतीस, घरी बसा."

मी हॉस्पिटल आहे हे विसरून ओरडले. नर्स आली. मी बाहेर पायरीवर येऊन बसले. दोघांना माहीत होतं. एक म्हातारी आपले डोळे त्याला देत बसली होती रोज, आणि मी तिला सवारीची जागा खाते म्हणून बोलत होते. मला सांगायचं होतं ना. मी काय वैरीण होते?

त्याचं उत्तर मला लिहायचं नाही.

५ मार्च

गावात वेगळीच गोष्ट फिरते आहे. मी गाडीच्या वायरिंगमध्ये हात घातला, जोर वाढवला, म्हणून ती ताब्यात राहिली नाही. भय्याजी मंदिरात सगळ्यांना सांगतात की कमिटीने फक्त दुरुस्ती सांगितली होती, वेग कोणी मागितलाच नव्हता. काल एका शेतकऱ्याने भरायला दिलेली पंपाची मोटर परत नेली. 

गाडीत मी काही चुकवलेलं नाही. रस्त्यावर टायरची खूण अजून आहे. तिथे जाऊन बघावं कोणीही, ब्रेक कुठे लागला आणि गाडी कुठे थांबली. पण मग विचारतील, ब्रेक इतक्या उशिरा का लागला? आणि त्याचं उत्तर माझ्या घरात आहे. मी बोलले तर त्याच्या हाती कोणी पुन्हा सायकलसुद्धा देणार नाही. नाही बोलले तर माझ्या हाती कोणी मोटर देणार नाही.

ज्यांनी जोर मागितला ते मोकळे. आम्ही नवराबायको एकमेकांचा गळा धरायला.

९ मार्च, रविवार

मंदिराच्या सभामंडपात बैठक झाली. मला बोलावलं, इश्वरला नाही. तरी तो आला, तृप्तीच्या खांद्यावर हात ठेवून.

भय्याजींनी सुरुवात केली. बाईमाणसाने असल्या भानगडीत पडू नये, वगैरे. मी उठले. म्हटलं, "भय्याजी, माझ्या ओट्यावर बसून तुम्ही काय म्हणाले होते? भरल्या सवारीनिशी चढली पायजे. यात्रेच्या आधी निरोप धाडला, गाडी धावताना दिसली पायजे. आज म्हणता मागितलंच नव्हतं. सासूला उतर म्हणाले ते तरी आठवते का?"

"उतरवलं तर तूच," ते म्हणाले.

"हो. मीच. ते मी म्हणतेच. तुम्ही तुमचं म्हणा."

 मग एक जण म्हणाला, पण गाडीचा ब्रेक उशिरा लागला हे तर खरं आहे. आणि मी गप्प झाले. 

मागून इश्वरचा आवाज आला. "गाडीत काही खोट नव्हती. ब्रेक मी उशिरा लावला. मले बाजूचं दिसत नाही. दोन वर्सं झाले."

सगळा मंडप त्याच्याकडे वळला. त्याला ते दिसलं नसेल. तो सरळ माझ्याकडे बघत होता.

"गाडी रीनाने चांगली बनवली," तो म्हणाला. "मीच सांगितलं नाही तिले."

मला वाटलं होतं मला सुटल्यासारखं वाटेल. नाही वाटलं. घरी येताना मी त्याला म्हटलं, हेच महिनाभर आधी माझ्याजवळ बोलता आलं असतं. गावासमोर धीर होतो आणि बायकोसमोर होत नाही. तो म्हणाला, "गाव तुयासारखं बोलत नाही." तृप्ती हसली. मी तिला गप्प बसवलं.

१४ मार्च

काल नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. काचबिंदू. त्याला एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवलं, हातात बटण दिलं. आत उजेडाचा ठिपका दिसला की दाबायचं. मी शेजारी उभी राहून बटणावरचा अंगठा बघत होते. अंगठा किती वेळ नुसताच थांबून राहायचा.

मग मशीनमधून कागद निघाला. मधे पांढरं, भोवती सगळं काळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलं आहे ते टिकवू. थेंब रोज टाकायचे, जन्मभर. एक दिवस सुद्धा चुकवायचा नाही." तृप्तीचेही डोळे तपासायला सांगितलं, घराण्यात आहे म्हणून. दरवर्षी.

शिबिरात सांगितलं तेव्हाच आलो असतो तर? मी विचारलं. त्या म्हणाल्या, आता आलात ना. डॉक्टर असंच बोलतात. मला उत्तर कळलं.

बसमध्ये तो खिडकीशी, मी बाजूला. माझ्याशी बोलायला त्याला पूर्ण मान वळवावी लागत होती. इतके दिवस त्या मान वळवण्याचा मला राग यायचा. आता ती वळली नाही की येतो.

२३ मार्च, रविवार

सासू घरी आली. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते आणि दर पावलाला मला शिव्या देते. बरं वाटतं. मी तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, "उशी नीट कर आधी." उशी नीट केली. पुढचं बोलूच दिलं नाही.

भय्याजींनी पवनीची जीप लावली होती. ती मधल्या अरुंद वळणावर वळत नाही, म्हाताऱ्या माणसांना उंच पायरी चढवत नाही. काल स्वतः आले, ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले. "रविवारची गर्दी हाये. तू चालवशील का?" मी म्हटलं, चालवीन, पण कमिटीच्या वहीत ड्रायव्हर म्हणून माझं नाव पाहिजे. आणि वळणावर आरसा पाहिजे, मोठा, रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतील असा. त्यांना नाही म्हणायचं होतं. म्हणाले नाहीत. मी अजून त्यांना चहा विचारत नाही, आणि विचारणारही नाही.

आज दिवसभर मीच चालवली. वळण आलं की पाय आपोआप उचलला जातो.  

इश्वर खाली वडाजवळ खुर्ची टाकून बसतो, लोकांना रांगेत बसवतो, म्हाताऱ्यांना हाताला धरून गाडीत चढवतो. ते काम तो माझ्यापेक्षा चांगलं करतो. मी रागाने बघत असते आणि तो बायांना "मावशी, पाय इथे" म्हणत असतो.

संध्याकाळी अंगणात त्याला खुर्चीवर बसवलं, मान मागे करायला लावली, थेंबाची बाटली उघडली. मला अजूनही संताप येतो.  बाटली डोळ्यावर धरली की सगळं आठवतं, डबा, हेडलाइट, सासूचा दांड्यावरचा हात. पहिला थेंब गालावर पडला. दुसरा बरोबर गेला.

डोळा मिटून तो म्हणाला, "अजून किती दिवस रागावून राहशील?"

"थेंब चालू आहेत तोवर."

तो हसला. मी हसले नाही. म्हटलं, हलू नका, दुसरा डोळा उघडा.